राजगिऱ्याएवढा शंख

गुरुवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास चांगुणाबाईंनी मोरीजवळच्या फरशीवर बसून मुलाच्या काचेच्या कुप्या ॲसिडने धुतल्या.

कुप्या करंगळीएवढ्या होत्या, होमिओपॅथीच्या साबुदाणा-गोळ्या मिळतात तशा. बुद्धभूषणच्या टेबलावर लाकडी स्टँडमध्ये त्या वर्षभर उभ्या होत्या. काहींच्या आत काचेला पांढरे कण चिकटलेले होते. जालन्यात पांढरा कण दिसला की तो काय असणार, हे कुणाला विचारावं लागत नाही. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, मधले दिवस बोअरचं. ते पाणी हंड्याला, तोटीला, पेल्याला, आरशाला पांढरा थर देऊन जातं. त्याला क्षार म्हणतात, आणि क्षारावर उपाय एकच. सायकलवर कॅन बांधून येणाऱ्याकडून घेतलेली ॲसिडची बाटली जुना जालन्यातल्या त्या गल्लीत घराघरात मोरीच्या कोपऱ्यात असते.

पाहुण्यांना सवड व्हावी म्हणून बुद्धभूषणचा पहिला स्मृतिदिन रविवारी ठेवला होता. भन्तेजी येणार होते, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, पाहुणे जेवायला होते. चांगुणाबाई सोमवारपासून घर घासत होत्या. गुरुवारी टेबलाची पाळी आली.

प्रिया दीड वाजता जेवायला घरी आली. ती मोंढ्याजवळच्या एका मेडिकल दुकानात फार्मासिस्ट आहे. चप्पल काढता काढताच तिला भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या खाली लावलेला दादाचा फोटो दिसला, नवा हार घातलेला. फोटोखालच्या फळीवर त्या कुप्या ओळीने मांडलेल्या होत्या. उन्हाची तिरीप त्यांच्यातून आरपार जात होती.

"आई, ह्या कुप्या…"

"लखलख करून राह्यल्या ना?" चांगुणाबाई आतून म्हणाल्या. "भूषणच्या हातच्या चीजा. पाहुण्यांसमोर तशा घाण कशा ठेवायच्या? लई क्षार धरला होता बघ."

"आतून धुतल्या?"

"मंग काय नुस्त्या वरून? ॲसिड टाकलं, हलवलं, दोन-चारदा पानी फिरवलं. बारक्या चिठ्ठ्या होत्या आत. त्या न्हाई फेकल्या, त्याचं अक्षर हाय. धुवायच्या आधीच काढून खिडकीत ठेवल्यात, वाटीखाली."

प्रियाने खिडकीत जाऊन वाटी उचलली. नखाएवढ्या चिठ्ठ्या होत्या. दादा चिठ्ठ्या नेहमी पेन्सिलने लिहायचा, शाई पसरते म्हणून. किनाऱ्याचं नाव, तारीख, वाळूची चाळणी कोणती, सगळं जसंच्या तसं शाबूत होतं. एका चिठ्ठीवर त्याने प्रश्नचिन्ह काढून त्याला दोनदा गोल केला होता.

"भाकरी थंड होऊन राह्यली," चांगुणाबाई म्हणाल्या.

प्रिया बसली. भाकरी खाल्ली, वरून ताकही प्याली. शंख चुन्याचा असतो आणि क्षारही चुन्याचाच. ॲसिड दोघांत फरक करत नाही. दहावीच्या पुस्तकात हा प्रयोग आहे: खडूचा तुकडा, परीक्षानळी, फसफसणारे बुडबुडे. शेवटी नळीत काही उरत नाही, फक्त पाणी.

*

बुद्धभूषण जालन्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायचा. समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो एम.एस्सी.ला असताना, सहलीत. नंतर विद्यार्थ्यांच्या सहली तोच काढू लागला आणि दर वेळी कोकणातच. सगळे लाटांत शिरायचे तेव्हा हा भरतीच्या रेषेवर उकिडवा बसून वाळू चाळायचा. शेवटच्या सहलीहून त्याने वाळूची दोन पोती बसच्या टपावर टाकून आणली. "सर, जालन्यात काय रेती मिळत न्हाई का?" असं मुलं अंबड येईपर्यंत म्हणत होती.

ती वाळू तो घरी निवडायचा. पद्धत आईची होती. चांगुणाबाईंची वीस-बावीस वर्षं बियाण्याच्या कंपन्यांत बी निवडण्यात गेली. जालन्यातल्या कितीतरी बायका हेच करतात. काळ्या कापडावर चिमूटभर बी पसरायचं, कोंबडीच्या पिसाने एकेक दाणा पुढे ढकलायचा, फुटका डावीकडे, चांगला उजवीकडे. शाळेला सुट्टी असली की भूषण त्यांच्या शेजारी बसून पीस फिरवायचा. पुढे टोमॅटोच्या बियांच्या जागी वाळूचे कण आले आणि डोळ्याला भिंग आलं, एवढाच काय तो बदल.

त्या वाळूत त्याला एक शंख सापडला. राजगिऱ्याच्या दाण्यापेक्षा किंचित मोठा. पांढरा, मिनारासारखा निमुळता, अंगावर आडव्या बारीक कडा आणि तोंडाला जाड, बाहेर वळलेला ओठ. आतली गोगलगाय केव्हाच मेलेली. असा शंख कुठल्याच पुस्तकात नाही, हे त्याने प्रियाला जेवताना सांगितलं होतं. प्रिया म्हणाली होती, "पुस्तकात नसंल तर पुस्तक चुकलं असंल." तो हसला नव्हता. पुढच्या काही आठवड्यांत तसे आणखी तीन शंख मिळाले; चारही त्याने टेबलावरच्या कुप्यांत चिठ्ठीसह ठेवले. दुसऱ्या पोत्याला तर अजून हातही लागला नव्हता.

मग अंगारकी आली. राजूरच्या गणपतीला जालन्याहून माणसं रात्रभर अनवाणी चालत जातात. बुद्धभूषण भोकरदनहून मोटारसायकलवर परत येत होता आणि रस्त्यावर चालणाऱ्यांची रांग होती. लेकराला कडेवर घेतलेल्या एका बाईला चुकवायला त्याने गाडी उजवीकडे घेतली. समोरून ट्रक आला. बाई आणि लेकरू वाचलं. ती दोघं कुठल्या गावची, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

उन्हाळ्यात प्रियाने दादाच्या मोबाईलमधले शंखाचे फोटो पुण्याला पाठवले, एका संग्रहालयात काम करणाऱ्या रूपाली मॅडमना. विद्यापीठात त्या दादाच्या दोन वर्षं पुढे होत्या. महिनाभर उत्तर नव्हतं. मग मॅडमचा फोन आला. शंख नवा आहे, अशी जात कुणी नोंदवलेली नाही, म्हणाल्या. शास्त्राप्रमाणे वर्णन लिहून त्या ती प्रसिद्ध करणार होत्या आणि जातीला नाव बुद्धभूषणचं देणार होत्या. लॅटिनच्या रिवाजाने 'बुद्धभूषणी'. एकच अट होती. शंख संग्रहालयात जमा करावे लागतील. नाव शंखाला मिळतं, फोटोला नाही.

प्रिया तेव्हाच निघाली असती. बाबांनी थांबवलं. संपतराव रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले, बोलायला कमी. मुलगा गेल्यापासून आणखी कमी. त्यांनी एवढंच म्हटलं, "स्मृतिदिनापर्यंत राहू दे. चार मानसं बघतील तरी." आणि प्रियालाही ते पटलं. कुरिअरवर तिचा भरवसा नव्हता. कार्यक्रम झाला की सोमवारी स्वतःच्या हाताने घेऊन जाऊ, असं ठरलं. संपतरावांनी कार्यक्रमाची पत्रिका छापली. तिच्यात तळाशी चौकट होती: 'आमच्या चिरंजीवांच्या नावाने समुद्रातील एका जीवाचे नामकरण होत आहे.' भोकरदन, परतूर, अंबड, सगळीकडे पत्रिका गेल्या.

राहिली ती एक गोष्ट. तो शंख केवढा आहे, हे चांगुणाबाईंना कुणी सांगितलंच नाही. त्यांनी पाहिला होता तो मोबाईलमधला फोटो, भिंगातून काढलेला, पडदाभर. शंख म्हणजे लिंबाएवढा, फार तर मुठीएवढा, आणि तो प्रियाने कपाटात कुलपात ठेवलाय, असं त्या धरून चालल्या होत्या. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, डाव्यात सुरुवात. ऑपरेशन वर्ष झाल्यावर करू म्हणून त्यांनीच पुढे ढकललं होतं.

*

दुपारी प्रिया दुकानावर गेली नाही. संपतराव पारावर बसतात तिथे गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

संपतरावांनी समोरच्या रिक्षांकडची नजर काढून तिच्याकडे बघितलं.

"चारी?"

"चारी."

"फोटो हायेत ना?"

"फोटोवर न्हाई होत, बाबा."

"तिला सांगितलं?"

"न्हाई."

"सांगू नको." ते उठले, पुन्हा बसले. "एक तर ती झोपत न्हाई. हे कळलं तर… न्हाई, सांगूच नको. मी म्हनलो नसतो राहू दे, तर आज पुण्याला असते ते."

"मीबी हो म्हनलेच की."

"तू लहान हायेस," संपतराव म्हणाले. प्रिया अठ्ठावीस वर्षांची आहे.

तिथूनच तिने रूपाली मॅडमना फोन लावला. झालं ते सांगितलं. मग मॅडम हळूहळू बोलू लागल्या, बोलताना त्याच विचार करत असाव्यात तशा. तिथे पुन्हा जाऊन शोधण्यात फारसा अर्थ नव्हता. गेल्या हिवाळ्यात त्या किनाऱ्यावर धूप थांबवायला दगडांची भिंत घातली गेली, भरतीची ती रेषाच आता दगडांखाली आहे. त्या स्वतः जाऊन आल्या होत्या. आजूबाजूच्या वाळूत त्यांना काही मिळालं नाही.

"पण प्रिया, त्याने दोन पोती नेली होती ना? एकच निवडून झालं होतं. दुसरं कुठे आहे?"

प्रियाला आठवलं. दुसरं पोतं जिन्याखाली होतं. दादा गेल्यावर, मार्चच्या आसपास, आईने ते गल्लीच्या तोंडाशी फुटाण्याचं दुकान असलेल्या फकरोद्दीनचाचांना देऊन टाकलं होतं. चणे भाजायला वाळू लागते.

*

फकरोद्दीनच्या दुकानात दुपारी भट्टी थंड असते. ते बाकावर बसून कागदाचे पुडे वळत होते. संपतरावांना बघून उठले.

"जयभीम, संपतभाऊ. आज इकडं कसं काय?"

"सलाम. प्रियाला विचारायचंय काही तरी."

"बोल बेटी."

"चाचा, आईनं तुम्हाला रेती देल्ती. समुद्राची."

"हां, देल्ती ना. बहोत उमदा रेती. एकसारखी बारीक, चण्याला डाग न्हाई पडत. आपली गोदावरीची आणली तर खडे निघतेत." ते थांबले. "कामून? वापस पाहिजे?"

"राह्यली का?"

फकरोद्दीन भट्टीकडे वळले. त्यांनी भट्टीवरच्या कढईवरचं झाकण काढलं. आत काळपट, तेलकट वाळू होती, राखेसारखी. "सहा महिने झाले, बेटी. रोज तापते. काळी झाली की थोडी फेकतो, नवीन टाकतो. तुमची रेती तर कवाच मिक्स झाली."

"फेकता कुठं?"

"नाल्याच्या कडेला. पानी येऊन गेलं आता त्याच्यावरून."

आतून जुबेदाचाची पडद्यामागून म्हणाल्या, "अजी, वो लालवाला डब्बा?" त्यांचं बाकीचं बोलणं उर्दूत झालं. फकरोद्दीन आत गेले आणि रंगाचा जुना वीस लिटरचा डबा ओढत घेऊन आले. त्यात अर्ध्याच्या वर वाळू होती. एकदा तापवलेली, चाळलेली, पुन्हा वापरायला ठेवलेली. रंग करडा, पण काळा नाही.

"हे तुमचंच हाय, शंभर टक्का. मोहरमच्या आधी भट्टीची दुरुस्ती काढली, तवा बाजूला काढून ठेवली. पण एकदा भाजून झालेली हाय हां, मी झूट न्हाई बोलणार." मग त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "आपल्या भूषणचं हाय का काही त्याच्यात?"

प्रियाने सांगितलं. ॲसिडचंही सांगितलं.

"तेजाब," फकरोद्दीन म्हणाले आणि कानाच्या पाळीला हात लावला. "या अल्ला. भाभीला माहीत हाय?"

"न्हाई."

"मग आमच्याकडून बी न्हाई कळणार."

डबा त्यांनी स्वतः उचलला. संपतरावांनी दुसरी बाजू धरली. उन्हात दोन म्हातारे तो डबा घेऊन गल्लीतून चालले, मध्ये दोनदा टेकवला. "लग्नाचं जेवण चाललं का काय काका?" असं पानवाल्याने विचारलं. दोघांनी डबा पुन्हा उचलला.

*

रविवारी कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. त्रिसरण-पंचशील झालं, भन्तेजींनी अनित्यतेवर बोलून संपवलं, सगळ्यांनी फोटोपुढे फुलं वाहिली. कुप्या तिथेच चमकत होत्या. संपतराव उभे राहिले आणि चौकटीत छापलेलं वाक्य त्यांनी जसंच्या तसं म्हणून दाखवलं. आवाज शेवटी जरा घसरला. लोकांना वाटलं, मुलाच्या आठवणीने.

जेवणाच्या पंगतीत राजानंदमामांनी विषय काढला. ते चांगुणाबाईंचे धाकटे भाऊ, परतूरकडे शेती. "पण दाजी, गोगलगायच कामून? आमच्या सोयाबीनचा तिनं सत्यानाश केला औंदा. रात्री बॅटरी लावून येचतोय आम्ही, मिठाच्या पाण्यात बुडवतोय. अन् तिलाच भाच्याचं नाव? वाघ-बिघ न्हाई भेटला का कुठं?"

पंगत हसली. संपतरावसुद्धा ओठ हलवून हसले.

"ती शेतातली, ही समुद्रातली," प्रिया म्हणाली.

"जात एकच ना पण."

"मामा, तुमची अन् मांजराची जात एक हाय का? दोघांना बी मिशा हायेत."

आता मामांवर हसू फिरलं. ते कमी झालं तेव्हा चांगुणाबाई वाढता वाढता थांबल्या. त्यांच्या हातात वरणाचं भांडं होतं.

"प्रिया, शंख दाखव की मामाला. कपाटात हाय ना?"

प्रियाने मोबाईल काढला, फोटो दाखवला. मोबाईल पंगतीत हातोहात फिरला. "लई झकास हाय की, देवळाच्या कळसावानी," कुणीतरी म्हणालं.

"फोटो न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "खरा."

"तो पुण्याला गेला, आई."

"कवा?"

"शुक्रवारी. मॅडमचा मानूस आल्ता दुकानावर."

चांगुणाबाईंनी मान हलवली. "बरं झालं. पोचला असंल मंग," असं म्हणून त्या पुढच्या पानाकडे वळल्या. मामांच्या भातावर वरण आधीच होतं. त्यांनी पुन्हा वाढलं.

*

त्यानंतर प्रियाचं रोजचं काम ठरलं. दुकानात तिने सकाळचीच पाळी मागून घेतली; ती संपवून अडीचला येते, गच्चीवरच्या खोलीत डबा ठेवलाय तिथे बसते. काळं कापड, दादाचं भिंग, कोंबडीचं पीस. चिमूटभर वाळू पसरायची, एकेक कण ढकलायचा. पहिल्या दिवशी तिला वाळूत फक्त वाळू दिसली. मग हळूहळू डोळा बसला. हा काटेरी जीवाचा काटा, हा शिंपल्याचा तुकडा, हे चण्याचं टरफल, हा मिठाचा खडा. शंखही निघाले, पुष्कळ निघाले, पण वेगळे. चपटे, गोल, गुळगुळीत. दादाच्या फोटोशी ताडून बघायचे आणि डावीकडे सारायचे. त्याच्यासारखे निमुळते जे एक-दोन निघाले ते पिसाचा स्पर्श होताच चुरा झाले. भट्टीने त्यांच्यातला जीव आधीच काढून घेतला होता.

खाली सांगायला कारण होतं. मॅडमना आणखी नमुने पाहिजेत.

एका मंगळवारी चांगुणाबाई जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या सहसा चढत नाहीत. दारात थांबून दम घेतला, मग येऊन कापडासमोर बसल्या. डब्यात हात घातला. मूठभर वाळू घेऊन बोटांतून गाळली.

"ही फकरोद्दीनभाऊला देल्ती ती."

"हो."

"भाजलेली हाय. वास येऊन राह्यला चण्याचा."

"हो. त्यांच्याकडूनच आणली."

चांगुणाबाईंनी पीस उचललं. दोन बोटांत धरायची त्यांची तऱ्हा वेगळीच होती, दाणा ढकलला जातो पण उडत नाही. पण पीस कापडावर टेकवून त्या थांबल्या. समोर काय आहे हे त्यांना दिसत नव्हतं. काळ्यावर पांढरं धुकं, एवढंच.

"केवढा असतो गं तो?"

प्रियाने भिंग बाजूला ठेवलं. "बारीक असतो, आई."

"किती बारीक? ज्वारीएवढा?"

"त्याहून."

"राजगिऱ्याएवढा?"

"हं."

खाली गल्लीत पाण्याचा टँकर आल्याची हाक झाली, भांड्यांची धावपळ ऐकू आली. दर वेळी चांगुणाबाई पहिल्या उठतात. त्या उठल्या नाहीत.

"कुप्यांतून आवाज आल्ता," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत न्हाई, काहींत. दिसत तर न्हाई मला, म्हनून कानाला लावून बघितलं, ॲसिड गेलं का तळापर्यंत. बारीक आवाज येत होता. चुर्र, चुर्र. काचेचा क्षार असा आवाज न्हाई करत. तो लगेच जातो. हे बराच वेळ चाललं होतं." त्यांनी पिसाने कापडावर एक रेघ ओढली. "त्याच्यात भूषणचं काही होतं का?"

प्रियाने आईकडे बघितलं. मोतीबिंदूचा डोळा खिडकीकडे होता, दुधासारखा.

"न्हाई, आई. क्षारच होता."

"बरं," चांगुणाबाई म्हणाल्या.

त्या तिथेच बसून राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी डब्यातली चिमूट कापडावर टाकून ती बोटाने पसरली. पातळ, सारखी, एकही कण दुसऱ्यावर नाही. मग कापड प्रियाकडे सरकवलं. दुसऱ्या दिवशीही त्या वर आल्या आणि तेच केलं. तिसऱ्या दिवशीही. आता पसरायचं काम त्यांचं आणि बघायचं प्रियाचं. दोघी फारसं बोलत नाहीत. संपतराव जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत येतात, दोघींची चाहूल घेतात आणि परत फिरतात. प्रियाने आईला काय सांगितलं, आईला काय कळलं, हे त्यांनी विचारलेलं नाही. प्रियालाही ते नक्की सांगता आलं नसतं.

डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळत होती. चांगुणाबाईंनी ती घेतली नाही. "बघू पुढं," म्हणाल्या.

*

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी प्रियाला एक शंख मिळाला. भाजून करडा झालेला, पण उभा. निमुळता, आडव्या कडा स्पष्ट. भिंगाखाली तिने तो तीनदा फिरवला आणि प्रत्येक वेळी फोटो बाजूला धरला. शेंड्याचा एक वेढा तडकला होता. आणि तोंडाचा तो जाड ओठ, ज्यावरून ही जात वेगळी ओळखू येते असं दादाने फोटोवर बाण काढून दाखवलं होतं, तो तुटलेला होता. अर्धाच राहिला होता.

तिने आईच्या तळहातावर शंख ठेवला. चांगुणाबाईंनी मूठ मिटली नाही, बोटही हलवलं नाही. हात सरळ धरून त्या श्वास रोखून बसल्या, श्वासानेही तो उडेल अशा.

"कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "हाय का हातावर?"

"हाय."

या वेळी वाट बघितली नाही. रविवारी पहाटेच्या गाडीने प्रिया पुण्याला गेली, शंख कुपीत, कुपी पेन्सिलने लिहिलेल्या चिठ्ठीसह, चिठ्ठी दादाच्याच हातची, गोल केलेल्या प्रश्नचिन्हाची. रूपाली मॅडमनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग म्हणाल्या, जात तीच असावी असं त्यांना वाटतं. पण वाटतं एवढ्यावर होत नाही. ओठ नसताना आणि भाजून रंग-पोत बदललेला असताना हाच मूळ नमुना म्हणून मान्य होईल का, हे त्यांच्या एकटीच्या हातात नाही. आणखी दोन तज्ज्ञांना दाखवावं लागेल, त्यातले एक परदेशात आहेत. मधल्या काळात पूर्ण ओठाचा एखादा मिळाला तर प्रश्नच मिटेल.

"आणि नाही मिळाला तर?"

"तर बघू," मॅडम म्हणाल्या. "मी आत्ता काहीच सांगू शकत नाही."

घरी पत्रिकेच्या उरलेल्या प्रती संपतरावांनी कपाटाच्या वरच्या खणात ठेवल्या आहेत. राजानंदमामांचा आठवड्याला फोन येतो: झालं का नामकरण? प्रिया सांगते, चाललंय. फकरोद्दीन दुकानावरून जाताना विचारत नाहीत, फक्त बघतात. ती मान हलवते, ना धड 'हो' ना धड 'नाही' अशी.

ॲसिडची बाटली मोरीच्या कोपऱ्यात आहे तिथेच आहे, तेवढीच भरलेली. तांब्या, पेले, तोटी, सगळ्यांवर पांढरा थर आला आहे. शेजारणीने विचारलं तेव्हा चांगुणाबाई म्हणाल्या, हात दुखतो.

गेल्या गुरुवारी रूपाली मॅडमचा निरोप आला. एका तज्ज्ञाने शंख पाहिला आहे, मत राखून ठेवलं आहे. दुसऱ्याचं उत्तर आलेलं नाही. लाल डब्यातली साधारण तिसरा हिस्सा वाळू अजून बघायची आहे.